रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणारे डॉ. सुब्बाराव

परीक्षेत नापास झालेल्या मुलाकडे बघून लोक काय म्हणतात, ते तुम्हांला ठाऊक आहे. आज आपण अशाच एका मुलाची माहिती घेऊ. त्याने शोधलेल्या औषधांनी जगातल्या असंख्य माणसांचे प्राण वाचले.

येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरम या गावी झाला. घरची गरिबी, भावंडे पुष्कळ. अभ्यासात मन रमेना. तेराव्या वर्षी हा पोरगा घरातून पळाला. काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि भरपूर पैसा मिळवायचा, असा त्याचा बेत! घरच्यांनी त्याला शोधून परत आणलं. पुढे मॅट्रिकला तो दोनदा नापास झाला. पण आईने हट्ट सोडला नाही. तिसऱ्या खेपेला मद्रासहून तो पास झाला आणि मग वैद्यकीय कॉलेजात गेला.

त्या काळी गांधीजींची चळवळ जोरात होती. सुब्बाराव खादी घालू लागले. इंग्रज प्राध्यापकाला ते खपलं नाही. शेवटी त्यांना एम.बी.बी.एस. ही पदवी न मिळता खालच्या दर्जाची एल.एम.एस. मिळाली. त्याच सुमारास घरावर मोठा घाला पडला. संग्रहणीच्या रोगाने त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने दगावले. आपण काही करू शकलो नाही, कारण या रोगावर औषधच नव्हते. मग औषधच शोधायचे, असे त्यांनी ठरवले.

१९२२ साली ते अमेरिकेत बोस्टनला गेले. पत्नी भारतातच राहिली. शिकता शिकता पोट भरायला त्यांनी इस्पितळात रात्रपाळीची हमाली केली, रोग्यांची मलमूत्राची भांडी धुतली. कुठलंही काम हलकं नसतं! हार्वर्ड विद्यापीठात फिस्के यांच्याबरोबर त्यांनी रक्त-लघवीतील फॉस्फरस मोजण्याची रीत १९२५ साली प्रसिद्ध केली. १९२९ साली त्यांनी ए.टी.पी. हा पदार्थ स्नायूंमधून वेगळा काढला. आपण धावतो, उड्या मारतो, तेव्हा शरीराला शक्ती पुरवतो तो हाच पदार्थ. जर्मनीत लोहमान यांनीही त्याच वर्षी तो शोधला. इतकं करूनही हार्वर्डने सुब्बाराव यांना कायमची प्राध्यापकी दिली नाही. १९४० साली ते लेडर्ले या औषध कंपनीत संशोधनाला गेले.

तिथे त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार केले. पालेभाजीत ते असते. रक्त तयार व्हायला ते लागतेच. ते कमी पडले तर माणूस पांढराफटक पडतो. संग्रहणीच्या रोग्यांनाही त्याचा गुण आला. ज्या रोगाने भाऊ नेले, त्यावर असा इलाज सापडला!

आता खरी गंमत पुढे आहे. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. वाढायला त्यांनाही फॉलिक ॲसिड लागते. मग ते त्यांना मिळूच दिले नाही तर? सुब्बाराव यांच्या मंडळींनी हुबेहूब फॉलिक ॲसिडसारखे दिसणारे, पण उपयोगाचे नसलेले पदार्थ बनवले. कुलपात चुकीची किल्ली अडकली की खरी किल्ली आत जात नाही ना, तसंच हे. पेशींचे काम अडते व वाढ थांबते. ॲमिनॉप्टेरिन हे त्यातले एक औषध. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ते रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले. तोवर अशी मुले थोड्याच महिन्यांत जात. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी सोळा मुलांची हकीकत छापली. त्यांतल्या दहा मुलांना उतार पडला होता. तो थोडे दिवसच टिकला, हेही खरे. पण या रोगाला मागे हटवता येते, हे जगाला प्रथमच दिसले. त्याच जातीचे मेथोट्रेक्सेट हे औषध आजही वापरात आहे. त्याच्या जोडीला इतर औषधे आली. आज वेळेवर नीट उपचार मिळाले तर रक्ताच्या कर्करोगाच्या नेहमीच्या प्रकारातली बहुतेक मुले बरी होतात.

हत्तीरोगावर आपल्या गावोगावी ज्या डी.ई.सी.च्या गोळ्या वाटतात, ते औषधही सुब्बाराव यांच्याच प्रयोगशाळेतले, बरं का!

पण हे सारे यश बघायला ते राहिले नाहीत. ८ ऑगस्ट १९४८ रोजी न्यूयॉर्कजवळ, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. भारतात परत येणे झालेच नाही. त्यांनी कधी नावाचा गाजावाजा केला नाही, म्हणून आपल्या देशातही फार थोड्यांना ते माहीत आहेत. १९९५ साली जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

मुलांनो, पुढच्या वेळी गोळी घ्यायला तोंड वाकडे कराल, तेव्हा ती शोधायला कोणी किती रात्री जागवल्या असतील याचा विचार करा. आणि वर्गातला कोणी नापास झाला, तर त्याला हसू नका. त्याला अभ्यासाला सोबत घ्या.