दिव्याच्या झोतातली धूळ

गेल्या महिन्यातली गोष्ट. दम्याचा त्रास असलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई ओपीडीत आली होती. मुलाला तपासून झाल्यावर तिने औषधांची पिशवी टेबलावर ठेवली आणि मोबाइल पुढे केला. त्यावर एका व्हॅक्युम क्लीनरची जाहिरात होती. यंत्राच्या तोंडाशी एक छोटा दिवा. तो लावला की चकचकीत लादीवरचा धुळीचा कण न् कण उठून दिसतो. किंमत ऐकून मीच जरा सावरून बसलो. पण हप्त्यांवर घ्यायची तिची तयारी होती. धूळ दिसली की निघेल आणि धूळ निघाली की मुलाचा दमा थांबेल, असा तिचा सरळ हिशेब होता.

बाहेर रांग मोठी होती, म्हणून तिला मी थोडक्यात उत्तर दिले. सविस्तर उत्तरासाठी दीडशे वर्षे मागे, लंडनच्या एका प्रयोगशाळेत जावे लागते. तिथे एक शास्त्रज्ञ दिव्याच्या झोतात धूळ पाहत होता आणि तिचा माणसाच्या श्वासाशी संबंध जोडत होता. त्याचे नाव जॉन टिंडॉल. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘टिंडॉल परिणाम’ आपण शिकलेलो असतो. कौलाच्या फटीतून घरात उतरणाऱ्या कवडशात धुळीचे कण तरंगताना दिसतात, तो हाच परिणाम. एरवीही ते कण खोलीभर असतातच. कवडसा पडला की तेवढ्या पट्ट्यातले दिसतात.

टिंडॉल यांचा जन्म १८२० सालचा, आयर्लंडमधल्या कार्लो परगण्यातला. वडील पोलीस शिपाई, परिस्थिती बेताची. १८३९ मध्ये ते सरकारी भूमापन खात्यात नकाशे काढायच्या कामाला लागले. पुढे खात्याच्या इंग्लंडमधल्या कचेरीत बदली झाली. तिथे कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध आवाज उठवल्यामुळे १८४३ मध्ये नोकरी गेली. मग काही वर्षे रेल्वेमार्गांची मोजणी केली, नंतर हॅम्पशायरमधल्या एका शाळेत गणित शिकवले. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी साठवलेल्या पैशांवर ते जर्मनीत मारबुर्गला गेले, रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन यांच्याकडे शिकले आणि दोन वर्षांत डॉक्टरेट मिळवून परतले.

१८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. मायकेल फॅरेडे तेव्हा तिथे होते. एक लोहाराचा मुलगा, दुसरा शिपायाचा. दोघांचे सूत चांगले जमले. सामान्य लोकांसमोर प्रयोग करून दाखवत विज्ञान सांगण्याची फॅरेडे यांची परंपरा टिंडॉल यांनी पुढे चालवली. उन्हाळ्यात ते आल्प्स पर्वतात हिमनद्यांचा अभ्यास करत. १८६१ मध्ये वाइसहॉर्न या अवघड शिखरावर पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्यांत ते होते. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड उष्णता किती शोषतात, याची मोजमापेही त्याच काळातली. आज हवामानबदलाच्या चर्चेत त्यांचे नाव येते ते या मोजमापांमुळे.

धुळीकडे ते वळले ते मात्र अडचणीपोटी. १८६८ च्या सुमारास काचेच्या नळीत निरनिराळ्या वाफा भरून त्यांच्यावर प्रकाशाचा काय परिणाम होतो, हे ते तपासत होते. त्यासाठी नळीतली हवा निर्मळ हवी होती. पण विजेच्या दिव्याचा प्रखर झोत सोडला की तिच्यात कण तरंगताना दिसत. हवा गंधकाम्लातून नेली, दाहक पोटॅशमधून नेली, तरी कण होतेच. शेवटी त्यांनी ती स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवरून नेली. कण नाहीसे झाले! जळून गेले, त्या अर्थी लंडनच्या हवेतली ती धूळ बरीचशी सेंद्रिय असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आणि हवेत कणच नसले, तर झोत तिच्यातून आरपार गेला तरी बाजूने पाहणाऱ्याला तिथे नुसता काळोख दिसतो, हेही त्यांच्या ध्यानात आले. हवा स्वच्छ आहे की नाही हे ओळखायची साधी खूण त्यांना मिळाली होती.

यानंतरचा त्यांचा प्रयोग मला, एक डॉक्टर म्हणून, सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अंधाऱ्या खोलीत त्यांनी दिव्याचा झोत सोडला आणि काचेच्या नळीतून आपला उच्छ्वास त्या झोतात सोडला. श्वासातल्या दमटपणाचे धुके होऊ नये म्हणून नळी आधी किंचित तापवून घेतली. सुरुवातीच्या हवेत कण चमकत होते. श्वास संपत आला तसे ते विरळ झाले आणि शेवटी उजळ झोतात चक्क एक काळे भोक पडल्यासारखे दिसले. श्वासाचा शेवटचा भाग फुफ्फुसांच्या तळातून येतो. त्या हवेत धूळ उरली नव्हती.

ही हवा आत जाताना तर धुळीसकटच गेली होती. मग धूळ गेली कुठे? ती आतच राहिली. नाकात, श्वासनलिकांच्या ओलसर भिंतींवर आणि काही कण त्याहून खोल. दगडाच्या खाणीत किंवा क्रशरवर वीस वर्षे काम केलेल्या माणसाचा छातीचा एक्स-रे पाहताना मला हा प्रयोग आठवतो. जे बाहेर आले नाही त्याचाच हिशेब त्या एक्स-रेत मांडलेला असतो. पुढे टिंडॉल यांनी तोंडावर कापसाचा बोळा धरून श्वास घेतला आणि तो झोतात सोडला. या वेळी हवा पहिल्यापासून काळी दिसली. कापसाने धूळ अडवली होती. १८७० च्या जानेवारीत त्यांनी धूळ आणि रोग या विषयावर जाहीर व्याख्यान दिले. त्यानंतर आगीच्या धुरात शिरणाऱ्या अग्निशमन जवानांसाठी त्यांनी कापूस, ग्लिसरीन, कोळसा आणि चुना वापरून श्वसन-मुखवटा तयार केला. करोनाच्या काळात आपण तोंडाला बांधलेल्या मास्कचे हे एक पूर्वज.

हवेत तरंगणाऱ्या या कणांत रोगांचे जंतूही असतात, हे त्यांचे म्हणणे मात्र अनेक डॉक्टरांना रुचले नाही. भौतिकशास्त्राच्या माणसाने वैद्यकात नाक खुपसू नये, अशी भावना होती. लंडनमधले वैद्यकाचे प्राध्यापक हेन्री बास्टियन यांचे मत होते की जंतू निर्जीव द्रवातून आपोआप निर्माण होतात. टिंडॉल पाश्चरच्या बाजूचे होते. त्यांनी काचेच्या खिडक्या असलेली लाकडी पेटी बनवली आणि तिला आतून ग्लिसरीन फासले. धूळ खाली बसून चिकटली, बाजूने सोडलेला झोत आत दिसेनासा झाला, तेव्हा आतल्या नळ्यांत मांसाचे, मासळीचे, सलगमचे पाणी भरून पाच मिनिटे उकळले. ते महिनोन्महिने नितळ राहिले. बाहेरच्या हवेत ठेवलेल्या नळ्या मात्र काही दिवसांत नासल्या.

वाद मिटला असे वाटले, आणि १८७६ च्या अखेरीस सगळे फसू लागले. पेटी तीच, रीत तीच, पण नळ्या नासू लागल्या. प्रयोगशाळेत वाळलेले जुने गवत आणले गेले होते आणि त्याच्या धुळीबरोबर असे जंतू आले होते की ते तासन् तास उकळूनही मरत नव्हते. टिंडॉल यांना आपले प्रयोग क्यू इथल्या वनस्पती उद्यानात हलवावे लागले. काही जंतू कडक कवचाच्या बीजाणूंच्या रूपात उष्णतेतही तग धरतात, हे त्याच सुमारास जर्मनीत फर्डिनांड कोन यांनीही दाखवले होते. टिंडॉल यांनी त्यावर उपाय काढला. द्रव थोडा वेळ तापवायचा, मग ठेवून द्यायचा, म्हणजे बीजाणूंना अंकुर फुटतो आणि ते नाजूक होतात. मग पुन्हा तापवायचा. असे काही वेळा केले की तो निर्जंतुक होतो. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्रात आम्ही ‘टिंडलायझेशन’ शिकलो ते हेच: शंभर अंश तापमान, वीस मिनिटे, लागोपाठ तीन दिवस. दिसायला स्वच्छ आणि खरोखर निर्धोक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्यांना स्वतःच्या फसलेल्या प्रयोगांनी दिला.

१८७६ मध्ये वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी लुइझा हॅमिल्टन यांच्याशी लग्न केले. प्रयोगशाळेतही लुइझाबाई त्यांना मदत करत. टिंडॉल यांना निद्रानाशाचा जुना विकार होता. १८८७ मध्ये निवृत्त होऊन ते सरे परगण्यातल्या हिंडहेड इथे राहायला गेले तेव्हा प्रकृती खालावलेली होती. रात्री झोपेसाठी क्लोरल आणि पोटासाठी मॅग्नेशिया, अशी दोन औषधे चालू होती. ४ डिसेंबर १८९३ रोजी सकाळी लुइझाबाईंनी मॅग्नेशिया समजून क्लोरलचा मोठा डोस दिला. चूक दोघांच्याही लगेच लक्षात आली. उलटी करवली, डॉक्टर आले, पोट धुतले. उपयोग झाला नाही. त्याच दिवशी टिंडॉल गेले, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. चौकशीत तो अपघात ठरला. लुइझाबाई त्यानंतर सत्तेचाळीस वर्षे जगल्या. पतीचे चरित्र लिहिण्यासाठी त्यांनी आयुष्यभर कागद जमवले, पण ते पुस्तक त्यांच्या हयातीत निघाले नाही.

टिंडॉल गेल्यानंतर आठ वर्षांनी, १९०१ मध्ये, ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने हवा ओढून धूळ काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. कल्पना तपासण्यासाठी त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढली होती. रुमालाला धूळ चिकटलेली दिसली. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या काही यंत्रांना पुढे दिवा बसवला गेला, तो मुख्यतः पलंगाखालच्या, कोपऱ्यातल्या अंधारासाठी. आताच्या यंत्रांतला दिवा मात्र टिंडॉल यांच्या वाटेने जातो. तो लादीपासून अगदी थोड्या उंचीवर असतो आणि त्याचा झोत जवळजवळ आडवा पडतो. गुळगुळीत लादीवरून असा प्रकाश आरशावरून जावा तसा पुढे निघून जातो, आपल्या डोळ्यांपर्यंत येत नाही, म्हणून लादी काळी दिसते. वाटेत कण आला की त्याच्यावरून प्रकाश चहूकडे फाकतो आणि तेवढा कण उजळतो. छतावरच्या दिव्यात लादी आणि कण दोन्ही सारखेच उजळल्यामुळे हे साधत नाही. आपल्या डोळ्यांना हिरवा रंग सर्वांत लवकर जाणवतो, म्हणून काही यंत्रांत हिरवा प्रकाश वापरतात. सतरंजीवर किंवा गालिच्यावर मात्र या दिव्याचा फारसा उपयोग नाही.

मग त्या आईला काय सांगायचे? दिव्यात दिसते ती लादीवर बसलेली, बरीचशी जाड धूळ. श्वासाबरोबर खोल जाणारे कण साधारण पाच मायक्रॉनहून लहान असतात. आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. यंत्राची गाळणी साधी असेल तर हे बारीक कण मागच्या झरोक्यातून पुन्हा खोलीत येतात. म्हणून यंत्र घ्यायचेच असेल तर दिव्याच्या आधी गाळणी पाहावी. हेपा गाळणी असेल तर उत्तम. दम्याच्या अनेक मुलांना त्रास देणारे धुळीतले सूक्ष्म कीटक तर लादीपेक्षा गादी-उशीत जास्त राहतात. चादरी आणि अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवावेत, कोरडे झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने लादी पुसावी, केर काढताना मुलाला दुसऱ्या खोलीत बसवावे. घरातली विडी-सिगारेट बंद करावी. यातल्या कशालाच हप्ते पडत नाहीत. आणि झोताची खूण हवीच असेल तर रात्री दिवे मालवून एक टॉर्च आडवी धरावी आणि बाजूने पाहावे. लादी पुसून झाल्यावरही हवेत किती काय तरंगते, ते दिसेल.

एवढे सांगून झाल्यावर मी टेबलावरची पिशवी उघडली. आत दोन इन्हेलर होते, एकाच आकाराचे, दोन्हींची खोकी हरवलेली. रोज दोन वेळा घ्यायचा, श्वासनलिकांची सूज कमी करणारा पंप कोणता आणि धाप लागल्यावर घ्यायचा कोणता, असे तिला विचारले. तिने नेमके उलटे दाखवले. दोन महिने मूल रोज चुकीचा पंप ओढत होते, आणि धाप लागल्यावर हाती येत होता तो तातडीने आराम न देणारा. पंपांचे रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबून चालत नाही.

नर्सताईंकडून चिकटपट्टी मागवली. एका पंपावर ‘रोज’ आणि दुसऱ्यावर ‘धाप लागल्यावर’ असे मोठ्या अक्षरांत लिहून दिले, दोन्ही कसे ओढायचे ते मुलाकडूनच करवून घेतले आणि पंधरा दिवसांनी बोलावले. तुमच्याही घरात एकसारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या किंवा दोन पंप असतील, तर आज रात्री झोपण्यापूर्वी दिवा लावून त्यांवर नावे लिहून टाका.