सोलापूरचा माणूस, कुर्ल्याची मोटार

जुन्या मोटारींच्या शौकिनांत एक वाद कधी मिटत नाही. एमजीबी चांगली की ट्रायम्फ टीआर-सिक्स? दोन्ही इंग्रजी, उघड्या टपाच्या. पहिलीचे इंजिन चार सिलिंडरचे, सांभाळायला सोपे. दुसरीचे सहा सिलिंडरचे, जोमदार. आपल्याकडे हाच वाद ॲम्बॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनीवरून रंगतो. त्यातली अर्धी बाजू आमच्या सोलापूरची आहे, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही.

प्रीमियरचे संस्थापक वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. घर जैन व्यापाऱ्याचे. पण पेढीवर त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाशी भागीदारी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. १९४० मध्ये त्यांनी बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. दोनच वर्षांत तो सरकारच्या ताब्यात गेला.

मोटारीसाठी त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लरशी बोलणी केली. युद्धकाळात इंग्रज सरकारने पाठबळ दिले नाही. तरी १९४४ मध्ये कंपनी निघाली, मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. मी बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासत आयुष्य काढले. आगबोट, विमान आणि मोटार, तिन्ही एकदम मागणाऱ्या अशा अर्जदाराला आमच्यापैकी कितीजणांनी होकार दिला असता?

१९५३ मध्ये वालचंद गेले. फियाट ११०० पासून घडलेल्या गाडीला पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये मिळाले. ते त्यांनी ऐकले नाही.

आता निवड. ॲम्बॅसॅडर इंग्रजी मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली. ऐसपैस, खडबडीत रस्त्यावरही न कुरकुरणारी. ती २०१४ पर्यंत बनत राहिली. पद्मिनी आटोपशीर, १०८९ सीसीची, गल्लीबोळात सहज वळणारी. मुंबईच्या टॅक्सीतून ती २०२३ मध्ये निवृत्त झाली. कोणतीही घ्या, रंगाच्या चकाकीला भुलू नका. आधी खालच्या पत्र्याचा गंज पाहा आणि कागदपत्रे तपासा.

कुटुंबकबिला मोठा असेल तर ॲम्बॅसॅडरच बरी. पण मला विचाराल तर मी पद्मिनी ठेवीन. तिचा आराखडा परदेशी होता, हे खरे. पण इथल्या हातांनी मोटार घडवता येते, या एका सोलापूरकराच्या हट्टाची ती खूण आहे.