विश्लेषण : जागतिक रक्तदाता दिन १४ जूनलाच का? रक्तगट शोधणारे कार्ल लँडस्टायनर कोण होते?

'ओ निगेटिव्ह' रक्त तातडीने हवे, असा संदेश महिन्यातून एकदा तरी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. आपण तो लगेच पुढे पाठवतो. त्या संदेशातील 'ओ' आणि 'निगेटिव्ह' या दोन्ही शब्दांमागचे संशोधन एकाच माणसाच्या नावावर आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. या दोन शोधांमध्ये सुमारे ४० वर्षांचे अंतर होते. तो माणूस म्हणजे कार्ल लँडस्टायनर. १४ जून हा त्यांचा जन्मदिवस.

लँडस्टायनर कोण होते?

लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रियात झाला. वडील व्हिएन्नातील नामांकित पत्रकार होते. कार्ल सहा वर्षांचे असतानाच ते गेले आणि आईने मुलाला वाढवले. १८९१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. पण दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये रसायनशास्त्राचा अभ्यास केला. शरीरातील घडामोडींकडे रसायनांच्या नजरेने पाहण्याची सवय त्यांना तिथे लागली. पुढे व्हिएन्नात विकृतीशास्त्र विभागात सहायक म्हणून काम करताना त्यांनी दहा वर्षांत ३,६३९ शवविच्छेदने केली. संशोधन त्यासोबतच सुरू होते.

रक्तगटांचा शोध कसा लागला?

माणसाचे रक्त माणसाला देण्याचे प्रयत्न १९ व्या शतकातही झाले होते. लंडनमध्ये डॉ. जेम्स ब्लंडेल यांनी प्रसूतीत रक्तस्राव झालेल्या महिलांना रक्त दिले होते. पण काही रुग्ण वाचत आणि काही दगावत. असे का होते, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

लँडस्टायनर यांनी स्वतःचे आणि प्रयोगशाळेतील पाच सहकाऱ्यांचे रक्त घेतले. प्रत्येकाच्या रक्तातून लाल पेशी आणि सीरम (रक्तातील पेशी व गोठणारे घटक काढल्यावर उरणारा द्रव) वेगळे केले. मग एकाच्या पेशींमध्ये दुसऱ्याचे सीरम, असे सगळ्यांचे मिश्रण करून पाहिले. काही जोड्यांमध्ये काहीच झाले नाही, तर काहींमध्ये पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे झाले. हे गोळे होणे म्हणजे आजार नसून त्यामागे ठरावीक नियम आहे, हे त्यांनी ओळखले. १९०१ मध्ये त्यांनी ए, बी आणि सी असे तीन गट मांडले. यातील 'सी' म्हणजेच आजचा 'ओ'. एबी हा चौथा गट १९०२ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला.

शोधाची दखल लगेच घेतली गेली का?

नाही. १९०७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॉ. रूबेन ओटेनबर्ग यांनी रक्त देण्याआधी ते जुळते का, हे तपासायला सुरुवात केली. १९१४ च्या सुमारास सोडियम सायट्रेट घातल्यास रक्त गोठत नाही, हे कळले आणि रक्त साठवण्याचा मार्ग मोकळा झाला.

दरम्यान, पोलिओ हा विषाणूमुळे होतो, हे १९०८-०९ मध्ये लँडस्टायनर यांनी एर्विन पॉपर यांच्यासोबत दाखवून दिले. तरीही पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात संशोधन करणे अवघड झाले. १९१९ मध्ये पत्नी आणि लहान मुलासह ते नेदरलँड्समधील हेग येथे गेले. तिथे एका लहान रुग्णालयात रक्त-लघवीच्या नेहमीच्या तपासण्या करून त्यांनी दिवस काढले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटचे बोलावणे आल्यावर ते अमेरिकेत गेले. रक्तगटांच्या शोधासाठी १९३० मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. शोधनिबंधाला तेव्हा २९ वर्षे झाली होती.

'पॉझिटिव्ह-निगेटिव्ह' कुठून आले?

नोबेलनंतरही त्यांचे काम थांबले नाही. ऱ्हीसस माकडांच्या रक्तावरील प्रयोगांतून लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी १९४० मध्ये आरएच घटक जगासमोर आणला. रक्तगटापुढचे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह त्यावरूनच ठरते. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेत काम करत असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि २६ जूनला त्यांचे निधन झाले. प्रसिद्धीपासून ते आयुष्यभर लांब राहिले. पुढे ऑस्ट्रियाने हजार शिलिंगच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले.

मुंबईचा संबंध काय?

रक्तगटांची गोष्ट लँडस्टायनर यांच्यानंतरही पुढे सरकली. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत एक वेगळाच रक्तगट नोंदवला. तोच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. नेहमीच्या चाचणीत तो 'ओ' वाटू शकतो, पण अशा व्यक्तीला 'ओ' रक्तही चालत नाही. तिला याच गटाचे रक्त लागते. असा दाता शोधताना समाजमाध्यमांवरचा एक संदेश खरोखर जीव वाचवू शकतो.

मग संदेश पुढे पाठवणे पुरेसे आहे का?

समाजमाध्यमांमुळे दाते शोधणे सोपे झाले आहे. फेसबुकने २०१७ मध्ये भारतात रक्तदात्यांसाठी स्वतंत्र सुविधा सुरू केली. सरकारच्या 'ई-रक्तकोष' पोर्टलवर रक्तपेढ्यांतील साठाही पाहता येतो. पण संदेशाला तारीख नसेल, तर गरज संपल्यानंतरही तो फिरत राहतो आणि नातेवाइकांचा फोन वाजत राहतो. त्यामुळे संदेशात रुग्णालय, रक्तगट, तारीख आणि वेळ लिहावी. रक्त मिळाल्यावर तेही कळवावे.

मुख्य अडचण मात्र वेगळी आहे. आवाहन झाले की एकाच दिवशी रांग लागते आणि नंतर कोणी फिरकत नाही. लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. महाविद्यालये बंद असल्याने शिबिरे कमी होतात आणि मे-जूनमध्ये रक्तपेढ्यांना टंचाई जाणवते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर देशात बंदी आहे. त्यामुळे अपघातातील जखमी असो की थॅलेसेमियाचे मूल, त्यांच्यासाठीची पिशवी कोणीतरी आधीच, स्वेच्छेने भरलेली असावी लागते.

रक्तदान कोण करू शकते?

वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असलेली निरोगी व्यक्ती रक्तदान करू शकते. पुरुषांना तीन आणि महिलांना चार महिन्यांच्या अंतराने पुन्हा रक्त देता येते. अंतिम निर्णय रक्तपेढीतील डॉक्टर तपासणीनंतर घेतात.

रक्तगटांचा शोध लागला तो सहा जणांनी स्वतःचे रक्त दिल्यामुळे, आणि त्यात खुद्द संशोधकही होता. पुढचा संदेश फॉरवर्ड करताना, आपण शेवटचे रक्तदान कधी केले होते, हेही एकदा आठवून पाहायला हवे.