व्हिटस्टेबलचे तिकीट

सॉमरसेट मॉम हे नाव आजच्या तरुण वाचकाला कदाचित परके वाटेल. आमच्या पिढीने मात्र त्याच्या कथा-कादंबऱ्या रद्दीच्या दुकानांतून शोधून आणून वाचल्या. १९०८ साली त्याची चार नाटके लंडनच्या रंगभूमीवर एकाच वेळी चालू होती. लेखणीवर त्याने अमाप पैसा मिळवला. गप्पांच्या बैठकीतून गोष्टी उचलणारा लेखक अशी त्याची ख्याती. असा हा माणूस लहानपणापासून अखेरपर्यंत तोतरा होता. त्याच्या लेखनाची चर्चा करताना ही बाब बहुधा एका ओळीत उरकली जाते. खुद्द मॉमचे म्हणणे मात्र असे होते की, आपले आयुष्य आणि लेखन समजून घ्यायचे तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.

त्याचा जन्म २५ जानेवारी १८७४चा, पॅरिसमधल्या ब्रिटिश वकिलातीतला. वडील वकिलातीचे कायदेविषयक काम पाहत. घरी लाडाकोडात वाढलेल्या विलीच्या तोंडी पहिली भाषा बसली ती फ्रेंच. तो आठ वर्षांचा असताना, १८८२ साली, क्षयाने आई गेली. दोन वर्षांनी वडीलही गेले. पोरक्या मुलाची रवानगी इंग्लंडात, केंट परगण्यातल्या व्हिटस्टेबल गावी, धर्मोपदेशक असलेल्या काकांकडे झाली. काका वाईट नव्हते, पण लेकरांची सवय नसलेले, शिस्तीचे आणि काटकसरी. सोबत आलेल्या दाईलाही त्यांनी परत पाठवले. आईची आठवण सांगणारे शेवटचे माणूसही गेले. मुलाचे इंग्रजी कच्चे होते आणि त्यातच ते अडखळू लागले.

कँटरबरीच्या किंग्ज स्कूलमध्ये जे व्हायचे तेच झाले. वर्गात उभे राहून वाचायची वेळ आली की पहिल्याच शब्दाला जीभ अडे. मुले हसत. मास्तरांचा धीर सुटे आणि त्याला खाली बसवले जाई. धडा येत नव्हता असे नाही. येत असलेला धडा ओठांबाहेर पडत नव्हता. पण न येणे आणि न बोलता येणे यांतला फरक ओळखायला जो क्षणभराचा वेळ लागतो, तो वर्गात कुणाजवळ नव्हता.

त्याच काळातला एक प्रसंग मॉमला म्हातारपणीही विसरता आला नाही. काकांबरोबर तो लंडनला गेला होता. काकांना मागे राहायचे होते, म्हणून त्यांनी पोराला एकट्यालाच घरी धाडले. तिकिटाच्या खिडकीपुढे लांब रांग होती. नंबर आला आणि व्हिटस्टेबल हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. मागची माणसे चुळबुळू लागली. शेवटी रांगेतल्या दोघांनी त्याला बाजूला ढकलले आणि आपली तिकिटे घेतली. मुलगा पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

प्रसंग एवढाच. कुणाला मार बसला नाही, कुणाचे पैसे बुडाले नाहीत. पण तोतऱ्या माणसाचे सारे दुखणे त्या खिडकीशी आहे. एरवी तो हुशारीने वाट काढतो. एक शब्द अडला तर दुसरा वापरतो, वाक्य फिरवून घेतो. पण गावाच्या नावाला दुसरा शब्द नसतो. स्वतःच्या नावालाही नसतो. म्हणून तर अशा अनेकांना स्वतःचे नाव सांगणेच सर्वांत अवघड जाते. बँकेच्या नोकरीत मी बरीच वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला काढली. रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसांना तीन सेकंद किती मोठे वाटतात, हे मी रोज पाहिले आहे. समोरच्या माणसाला ते किती मोठे वाटत असतील, हे मॉम वाचल्यावर कळते.

पुढे त्याच्या आयुष्यातली एकेक वाट या जिभेनेच ठरवली. काकांप्रमाणे धर्मोपदेशक व्हावे, तर प्रवचन कसे देणार? घराण्याचा पेशा वकिलीचा. त्याचा भाऊ फ्रेडरिक तर १९३८ साली इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झाला. पण कोर्टात उभे राहणे याला शक्य नव्हते. शेवटी १८९२ साली तो लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल झाला. लँबेथच्या गरीब वस्तीत घरोघरी जाऊन तीन आठवड्यांत त्याने ६३ बाळंतपणे केली. रोग्याच्या खाटेशी डॉक्टरने फार बोलावे लागत नाही, ऐकावे लागते. त्या ऐकण्यातून १८९७ साली पहिली कादंबरी आली आणि डॉक्टरकीची पदवी हाती येऊनही त्याने लेखणीच धरली.

१९१५च्या ‘ऑफ ह्यूमन बॉन्डेज’चा नायक फिलिप जन्मतः पायाने अधू आहे. पाय बरा व्हावा म्हणून तो मुलगा श्रद्धेने प्रार्थना करतो आणि सकाळी पाय तसाच असतो. मॉमने आपले तोतरेपण त्या पायात घातले, हे आता सर्वमान्य आहे. पण एवढे लिहूनही जीभ सुटली नाही. १९१७ साली तो ब्रिटिश हेरखात्याच्या कामावर पेट्रोग्राडला होता. केरेन्स्कीने लॉइड जॉर्जसाठी त्याच्याजवळ तोंडी निरोप दिला. लंडनला पोचल्यावर मॉमने तो कागदावर लिहून काढला आणि पंतप्रधानांच्या हाती दिला. ऐन वेळी जीभ अडेल ही भीती त्याला त्रेचाळिसाव्या वर्षीही होती.

परक्या माणसांशी ओळख काढणेही त्याला जड जाई. प्रवासात ते काम जेराल्ड हॅक्स्टन हा मनमोकळा सोबती करी. तो माणसे गोळा करी आणि मॉम ऐकत बसे. या सगळ्याने त्याला नुसते मोठे केले, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. तो तुटक झाला, कडवटही झाला. मात्र आर्नल्ड बेनेट या तशाच तोतऱ्या कादंबरीकाराविषयी लिहिताना त्याचा सूर हळवा होतो. एक वाक्य पुरे करताना जीव किती थकतो, हे त्याला ठाऊक होते.

१९३८ साली तो हिंदुस्थानात आला. तिरुवण्णामलैच्या आश्रमात पोचल्यावर त्याला भोवळ आली. त्याला एका खोलीत निजवले, तेव्हा रमण महर्षी स्वतः तिथे आले. आपल्याला काही विचारण्याची ताकद नाही, असे मॉमने कळवले. मौनही संभाषणच आहे, अशा अर्थाचे काही सांगून महर्षी शांत बसून राहिले. आयुष्यभर लोकांची घाई पाहिलेल्या या माणसाने त्या भेटीवर वीस वर्षांनी सविस्तर लेख लिहिला.

आई गेली, भाषा बदलली म्हणून तो तोतरा झाला, असे पुष्कळदा सांगितले जाते. आजचे शास्त्र इतके सोपे कारण मानत नाही. शंभरातली सुमारे पाच मुले कधी ना कधी अडखळत बोलतात, बहुतेक आपोआप सुधारतात आणि शंभरात एखाद्यालाच ते जन्मभर पुरते. त्याची मुळे मेंदूतल्या वाणीच्या जुळणीत आणि आनुवंशिकतेत आहेत. भीतीने ते वाढते, पण भीतीने सुरू होत नाही. यात ना आईबापांची चूक असते, ना मुलाची. वाक्-उपचाराने मदत होते आणि तो लवकर सुरू करावा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, म्हैसूरला १९६५पासून अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे.

आता तिकीट मोबाइलवर निघते. पण तोंडी परीक्षा, मुलाखत, वर्गातली हजेरी आणि फोन यांतून तरुण मुलांची सुटका नाही. समोरच्याने करायचे ते थोडेच आहे. वाक्य त्याच्या तोंडून काढून घेऊ नये, सावकाश बोल असे बजावू नये, नजर वळवू नये. थांबावे.

मॉम १६ डिसेंबर १९६५ रोजी फ्रान्समध्ये वारला. ज्या किंग्ज स्कूलमध्ये मुले त्याला हसली, त्याच शाळेला त्याने ग्रंथालय दिले होते. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा त्या ग्रंथालयाच्या भिंतीशी विसर्जित करण्यात आली. व्हिटस्टेबल तिथून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर आहे.