मागचे आसन सोडणारे महाराज

संस्थानी काळात राजाची मोटार म्हणजे रस्त्यावरून चालणारा दरबारच असे. मागील बाजूस प्रशस्त आसन, त्यावर महाराज आणि पुढे गणवेशातील चालक, अशी तिची रूढ रचना होती. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी मागवलेल्या पिवळ्या रोल्स रॉइसमध्ये तर सिंहासनासारखी उंच बैठक करवून घेण्यात आली होती. ती 1912 साली तयार होऊन आली, तेव्हा निजाम हयात नव्हते. चौमहल्ला राजवाड्यात आजही पाहायला मिळणारी ही गाडी फारशी धावलीच नाही. धावणे हे तिचे काम नव्हते, दिसणे हे होते.

या परंपरेत वाढूनही ज्यांची सर्वाधिक प्रसिद्ध मोटार दोन दारांची आणि दोघांपुरत्या बैठकीची ठरली, ते म्हणजे इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे).

6 सप्टेंबर 1908 रोजी त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण इंग्लंडमध्ये आणि पुढील शिक्षण ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात झाले. 1925 साली मुंबईत मलबार हिलवर घडलेल्या बावला खून प्रकरणाचे पडसाद थेट इंदूरच्या गादीपर्यंत पोहोचले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे वडील तुकोजीराव (तिसरे) यांना पदत्याग करावा लागला. सतराव्या वर्षी यशवंतराव महाराज झाले. पण राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार हाती येण्यास 1930 साल उजाडले. मधल्या काळात राज्य त्यांच्या नावाने चालत होते, त्यांच्या हाताने नव्हे.

याच काळात युरोपातील नव्या कलेशी त्यांचा परिचय झाला. जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी इंदूरमध्ये माणिकबाग हा निवासी महाल उभारून घेतला. घुमट, कमानी आणि नक्षीकाम यांऐवजी सरळ रेषा, काच, धातू आणि वातानुकूलन असलेले हे घर 1933 च्या सुमारास पूर्ण झाले. फ्रेंच चित्रकार बर्नार्ड बुते द मोनव्हेल यांनी त्यांची दोन व्यक्तिचित्रे रंगवली. एकात ते पाश्चात्त्य पद्धतीच्या सायंकालीन पोशाखात उभे आहेत. दुसऱ्यात मराठेशाही वेशात, डोक्यावर पगडी घालून गादीवर बसलेले आहेत. दोन्ही चित्रे खरी होती आणि त्यांच्यातील अंतर हाच त्यांच्या आयुष्यातील पेच होता.

मोटारींच्या निवडीतही हा पेच दिसतो. त्या काळी उंची मोटार आजच्यासारखी दुकानातून तयार घेतली जात नसे. कारखाना केवळ सांगाडा, इंजिन आणि चाके पुरवी. वरचा साज गिऱ्हाइकाच्या पसंतीनुसार स्वतंत्र कारागीर संस्था घडवी. त्यामुळे दारे दोन ठेवायची की चार, हा निर्णय मालकाचा असे. तो केवळ दिसण्यापुरता नव्हता. चार दारांची बंद गाडी मागे बसणाऱ्यासाठी असते. उतरताना दार दुसऱ्याने उघडायचे, हे तिथे गृहीत धरलेले असते. दोन दारांच्या गाडीत मागच्या बैठकीचे महत्त्व संपते आणि मालकाची जागा आपोआप सुकाणूपाशी येते.

1930 च्या दशकाच्या मध्यात यशवंतरावांनी अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची एसजे ही मोटार मागवली. आठ सिलिंडरचे, जवळपास सात लिटरचे आणि सुपरचार्जर बसवलेले तिचे इंजिन 320 अश्वशक्तीचे असल्याचे कंपनी सांगे. सांगाडा लांब निवडला होता. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर सुमारे पावणेतेरा फूट होते. एवढ्या लांबीवर कंपनीचे इतर ग्राहक साधारणपणे सात जणांची लिमोझिन बांधून घेत. यशवंतरावांनी मात्र लंडनच्या गर्नी नटिंग या संस्थेकडून त्यावर दोन दारांची उघडी स्पीडस्टर करवून घेतली. पुढे लांबच लांब बॉनेट, मागे नावेसारखा निमुळता होत गेलेला भाग आणि मधोमध दोघांची बैठक. रंग केशरी आणि काळा. दरबार मावेल एवढ्या सांगाड्यावर त्यांनी दरबाराला जागाच ठेवली नाही.

तरीही राजेपण पूर्णपणे उतरवून ठेवणे शक्य नव्हते. गाडीला एक लाल आणि एक निळा दिवा बसवलेला होता. आत महाराज आहेत की महाराणी, हे त्यावरून इंदूरच्या पोलिसांना ओळखता येई. त्या महाराणी म्हणजे कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताराजे. माणिकबागेच्या उभारणीत आणि कलासंग्रहात त्या पतीच्या बरोबरीने रस घेत. 1937 साली स्वित्झर्लंडमध्ये ऐन तारुण्यात त्यांचे निधन झाले. शिल्पकार ब्रांकुशी यांच्याकडून यशवंतराव इंदूरमध्ये ध्यानमंदिर बांधून घेणार होते. ब्रांकुशी त्यासाठी इंदूरलाही येऊन गेले. पण ते मंदिर कधीच उभे राहिले नाही.

पुढील काळात महाराजांचा मुक्काम बराच काळ परदेशात राहिला. त्यांनी दोन अमेरिकन स्त्रियांशी एकामागून एक विवाह केले. राज्यापासून असे दूर राहणे प्रजेला खटकणे स्वाभाविक होते आणि ती उणीव त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. मात्र 1942 साली त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना अनावृत पत्र लिहून भारताच्या प्रश्नात मध्यस्थीची मागणी केली. ब्रिटिश सत्तेच्या छायेत गादीवर बसलेल्या संस्थानिकासाठी हे साधे पाऊल नव्हते. क्रिकेटलाही त्यांच्या राजवटीत भक्कम आश्रय मिळाला. सी. के. नायुडू यांच्यासारखा खेळाडू लाभलेल्या होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला.

1948 साली इंदूर संस्थान मध्य भारत संघात विलीन झाले. राजप्रमुखपद ग्वाल्हेरच्या जिवाजीराव शिंदे यांच्याकडे गेले आणि यशवंतराव उपराजप्रमुख झाले. 5 डिसेंबर 1961 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघ्या त्रेपन्न वर्षांचे होते.

माणिकबागेतील मौल्यवान फर्निचर 1980 साली मोनॅकोतील लिलावात विकले गेले. महालात पुढे केंद्र सरकारचे करविषयक कार्यालय आले. ड्यूसेनबर्ग अमेरिकेत परतली आणि तेथील संग्राहकांकडे जपली गेली. 2019 साली पॅरिसमध्ये त्यांच्या कलादृष्टीवर मोठे प्रदर्शन भरले. ज्या इंदूरच्या रस्त्यांसाठी ती केशरी गाडी घडवली गेली, तेथील नव्या पिढीला मात्र ती छायाचित्रांतच पाहावी लागते. त्या छायाचित्रांत तिची दारे मोजली, तरी या महाराजांना आयुष्यात कोणती जागा हवी होती हे कळते. राज्याच्या बाबतीत ती जागा त्यांना पूर्णपणे कधीच मिळाली नाही.