न हरलेल्या चॅम्पियनची गोष्ट

स्नूकर हा खेळ आपल्याकडे जन्मला, हे किती जणांना माहितीये? १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत, ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये तो सुरू झाला. पुढची पन्नासेक वर्षं मात्र त्याला कुणी फारसं सीरियसली घेतलं नाही. खरा मान बिलियर्ड्सला, स्नूकर आपला टाइमपास! हे चित्र पालटलं ते जो डेव्हिसने.

जो जन्मला १९०१ मध्ये, इंग्लंडमधल्या डर्बीशायरमध्ये. वडील आधी कोळशाच्या खाणीत कामाला होते, नंतर त्यांनी चेस्टरफील्डजवळ पब चालवायला घेतला. त्या पबमध्ये बिलियर्ड्सचं टेबल होतं. मग काय, पोरगा तिथेच रमला. तेराव्या वर्षी तो चेस्टरफील्डचा बिलियर्ड्स चॅम्पियन झाला आणि अठराव्या वर्षी प्रोफेशनल. त्याचा उजवा डोळा कमजोर होता, म्हणून उजव्या हाताने खेळणारा हा पठ्ठ्या नेम मात्र डाव्या डोळ्याने धरायचा.

बिलियर्ड्समध्येही तो चार वेळा जगज्जेता झाला. पण त्याच्या लक्षात आलं होतं, की मोठे खेळाडू तासन् तास एकसारखे फटके मारून पॉइंट जमवतात आणि प्रेक्षक कंटाळतात. स्नूकर झटपट, रंगतदार. त्याने संघटनेच्या मागे लागून स्नूकरची जागतिक स्पर्धा सुरू करायला लावली. मे १९२७ मध्ये बर्मिंगहॅमला फायनल झाली. टॉम डेनिसला हरवून जो जिंकला. बक्षीस किती? साडेसहा पौंड!

त्यानंतर तो जिंकतच राहिला. सुरुवातीचे दिवस काही सोपे नव्हते. १९३१ मध्ये तर स्पर्धेत एंट्रीच दोन आल्या, जो आणि डेनिस. म्हणजे थेट फायनल! १९४० मध्ये समोर आला बारा वर्षांनी धाकटा सख्खा भाऊ, फ्रेड. ३७-३६ अशी अवघ्या एका फ्रेमने जोने बाजी मारली. युद्धानंतर १९४६ मध्ये होरेस लिंड्रमला हरवून त्याने पंधरावं विजेतेपद घेतलं आणि या स्पर्धेला रामराम ठोकला. पंधरा स्पर्धा, पंधरा विजेतेपदं. हार शून्य.

इथे कुठलाही सिनेमा टाळ्यांवर संपला असता. पण जो खेळायचा थांबला नव्हता, थांबला होता तो फक्त या स्पर्धेत उतरायचा. बाकीच्या स्पर्धांमध्ये प्रतिस्पर्ध्यांना आधीच काही पॉइंट देऊन तो खेळायचा. लंडनचा लेस्टर स्क्वेअर हॉल म्हणजे या खेळाचं मुख्य ठाणं, त्यातही त्याची भागीदारी. २२ जानेवारी १९५५ ला, त्रेपन्नाव्या वर्षी, त्याने तिथे १४७ चा पहिला अधिकृत ब्रेक केला. म्हणजे पंधरा लाल बॉल, प्रत्येकानंतर काळा, मग सगळे रंगीत बॉल, आणि एकही चूक नाही!

पण याची दुसरी बाजूही होती. सगळ्यात भारी खेळाडूच स्पर्धेत नाही म्हटल्यावर नव्या जगज्जेत्याचं काय कौतुक? फ्रेडने आठ वेळा किताब घेतला, तरी लोकांच्या लेखी खरा चॅम्पियन जोच. स्पर्धेची रया जात गेली आणि १९५७ नंतर ती बंदच पडली. १९५९ मध्ये जोने नारिंगी आणि जांभळा असे दोन जादा बॉल घालून ‘स्नूकर प्लस’ आणलं. तेही चाललं नाही. १९६४ मध्ये तो निवृत्त झाला. त्याच वर्षी जागतिक किताबासाठी पुन्हा लढती सुरू झाल्या आणि पुढे टीव्हीने या खेळाला घराघरांत नेलं.

बरोबरीने खेळताना जोला हरवलं असेल तर ते फक्त फ्रेडने. १९७८ मध्ये शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये, चौसष्टाव्या वर्षी, फ्रेड जागतिक स्पर्धेची सेमीफायनल खेळत होता. सत्त्याहत्तर वर्षांचा जो प्रेक्षकांत बसून बघत होता. मॅच अटीतटीची झाली आणि तो ताण जोला सोसला नाही, त्याची तब्येत ढासळली. फ्रेड ती मॅच १८-१६ ने हरला. जोने १० जुलैला जगाचा निरोप घेतला.

१९२७ मध्ये त्याने उचललेला चांदीचा कप आजही जगज्जेत्याला मिळतो. फरक इतकाच, की आता त्यासाठी जगभरातून खेळाडू येतात आणि कोण जिंकणार हे आधी कुणालाच माहीत नसतं.