डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर

धाराशिव जिल्ह्यात पाऊस बेताचाच पडतो. उन्हाळ्यात तेथील माळरानावरचे गवत करपून जाते. रुईचे झुडूप मात्र टवटवीत राहते. त्याचे फळ उकलले, की रेशमासारख्या तंतूंच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर तरंगू लागतात. प्रत्येक म्हातारीबरोबर एक बी असते. ते बी कोठवर जात असेल? रुईचीच एक बहीण दूर राजस्थानच्या वाळवंटात वाढते. अशा वनस्पती कोठून आल्या आणि कशा पसरल्या, या प्रश्नाचा ध्यास घेणारे थोर शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. आघारकर.

त्यांचा जन्म १८८४ साली मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात ते शिकले. सह्याद्रीत भ्रमंती करताना त्यांना गोड्या पाण्यातील एक जेलीफिश आढळला. त्याचे भाईबंद तोपर्यंत केवळ आफ्रिकेतच सापडले होते. १९११ साली या शोधाची नोंद झाली आणि शास्त्रज्ञांचे लक्ष या तरुणाकडे वेधले गेले.

पुढे कलकत्ता विद्यापीठाने प्राध्यापकपदासाठी त्यांची निवड करून त्यांना १९१४ साली उच्च शिक्षणासाठी जर्मनीस पाठविले. तोच पहिले महायुद्ध पेटले. इंग्रजी राज्याचे प्रजाजन म्हणून जर्मन सरकारने त्यांना स्थानबद्ध केले. परका देश, मायभूमी हजारो मैल दूर. तरीही त्यांनी विद्येची आस सोडली नाही. बर्लिनच्या विख्यात वनस्पती-उद्यानाचे संचालक एंग्लर हे त्यांचे गुरू. बर्लिन थंड हवेचे शहर. तरी तेथील काचगृहांत उष्ण व रुक्ष प्रदेशांतील वनस्पती जोपासल्या जात. आघारकरांनी अभ्यासासाठी विषय निवडला तो आपल्याच देशाचा. वायव्य भारतातील रुक्ष भूमीवरील वनस्पतींच्या बियांचा प्रसार कसा होतो आणि त्या मुळात कोठल्या, याचा त्यांनी शोध घेतला. या प्रबंधाबद्दल १९१९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

मायदेशी परतून त्यांनी कलकत्त्यास दीर्घकाळ अध्यापन केले. १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली, तिचे ते पहिले संचालक. १९६० साली निधन होईपर्यंत त्यांनी ती धुरा वाहिली. १९९२ साली तेथील संशोधन संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले.

रुईचे बी वारा नेईल तिकडे जाते आणि कोरड्या भूमीतही मूळ धरते. आघारकरांचे जीवन असेच होते.